झडीत कपडे घरात वाळवायचे कसे: बादलीपासून घडीपर्यंत

झड लागली की तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे तर आठवडाही तसाच जातो. मग घरोघरी एकच चित्र: छपरीतल्या तारेवर एकावर एक टाकलेले कपडे, खाली टपटप पाणी, ओल आत येऊ नये म्हणून दार-खिडकी बंद आणि डोक्यावर पंखा पाचवर. दुसऱ्या दिवशी कपडा ओलाच, वरून कुबट वास. शेवटी कोणी तरी तो चुलीवर नेऊन टांगतं.

इथे क्रमच उलटा झालेला असतो. चुलीची ऊब सगळ्यात शेवटी येते. आधी कपड्यातलं पाणी पिळून काढायचं, मग कपडा एकपदरी मोकळा करायचा, मग त्याला वारा द्यायचा आणि त्या वाऱ्याला घराबाहेर पडायला वाट ठेवायची.

वाटेचं महत्त्व एका हिशेबात कळतं. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. पावसाळ्यात त्या खोलीतली हवा आधीच ओलीने भरलेली असते. दार-खिडकी लावून घेतली तर ती हवा आणखी जेमतेम अर्धा पेला पाणी पिऊ शकते. चार माणसांच्या हाताने पिळलेल्या कपड्यांत पाणी असतं चार-पाच लिटर. म्हणजे बंद खोलीत पंखा रात्रभर फिरला तरी तीच ओली हवा गोल फिरवतो.

## 1. आधी तार काढा

पावसाळ्यात कपडे वाळत घालताना शॉक लागून माणसं दगावतात, आणि त्यात बहुतेकदा लोखंडी तारच असते. तार टिनाच्या छपराला किंवा लोखंडी पाईपला बांधलेली असते. कुठे तरी वायरचं कव्हर सोललेलं असतं, ते टिनाला टेकतं आणि करंट टिनातून तारेत, तारेतून ओल्या कपड्यात उतरतो.

म्हणून जीआय तार काढा आणि नायलॉनची किंवा प्लास्टिकची दोरी बांधा, सहा-आठ मिलिमीटर जाडीची. तारेचा गंज पांढऱ्या कपड्याला लागतो तो वेगळाच. दोरी लाकडी खांबाला किंवा भिंतीतल्या खुंटीला बांधा. छपरीत बंगईच्या (झोपाळ्याच्या) कड्या असतील तर झडीपुरती बंगई उतरवून त्याच कड्या वापरा, त्या भार चांगला पेलतात.

एक दोरी बांधू नका. एकमेकींपासून एक ते सव्वा फुटावर दोन समांतर दोऱ्या बांधा. या जोडीचा उपयोग पुढे टांगताना कळेल.

सावधान: मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर, स्विचबोर्ड आणि लोंबणारे होल्डर यांच्यापासून दोरी हातभर तरी लांब हवी. घरात 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. मेन स्विचचा फ्यूज शॉकपासून वाचवत नाही.

## 2. जागा ठरवा

सगळ्यात चांगली जागा म्हणजे मागची छपरी किंवा ओसरी: वर छत, दोन बाजू उघड्या. पावसाचा सडा येत असेल तर त्या बाजूला पाल किंवा ताडपत्री लावा, पण वरून खाली अर्धीच. पूर्ण झाकली की छपरीची बंद खोली झाली.

खोलीतच वाळवायचं असेल तर समोरासमोर दोन उघडी तोंडं असलेली खोली घ्या. दार आणि खिडकी, किंवा दोन खिडक्या.

या जागा टाळा:

- धान्याची खोली. तूर-हरभऱ्याची पोती किंवा कोठी जिथे आहे तिथे ओल कोंडली की बुरशी आणि कीड आलीच.
- लहान बाळ किंवा दमेकरी झोपतो ती खोली.
- टिनाला अगदी लागून असलेली जागा. पहाटे टिनाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि त्याचे थेंब वाळत आलेल्या कपड्यांवर पडतात. दोरी टिनापासून दोन फूट खाली ठेवा.

तपासणी: एक उदबत्ती पेटवा, आतला पंखा सुरू करा आणि उदबत्ती खिडकीपाशी धरा. धूर बाहेर ओढला गेला पाहिजे. तो घुटमळत असेल किंवा परत आत येत असेल तर पंख्याची दिशा बदला, नाही तर समोरचं दार उघडा.

## 3. एका दिवशी किती धुवायचं

दोरीवर जेवढं मावतं तेवढंच. बारा फुटांच्या एका दोरीवर हँगरला लावलेले वीसेक शर्ट-कुर्ते नीट अंतराने बसतात. चादरी असतील तर त्याच दोरीवर दोन, साडी एकच. आठ दिवसांचं धुणं रविवारी एकदम काढायची सवय झडीत सोडा, रोज एक बादली धुवा.

शाळेचे ड्रेस, आतले कपडे, मोजे आणि बाळाचे लंगोट-दुपटी आधी. जीन्स त्यानंतर. वाकळ-गोधडी पावसाळ्यात धुवायचीच नाही. आतल्या थरात गेलेलं पाणी झडीत बाहेर येत नाही आणि आठ दिवसांत आतून सडका वास सुटतो. लेकराने ओली केली तर तेवढाच भाग साबणाने घासा, दोनदा पाणी मारा, कोरड्या फडक्यांमध्ये दाबा आणि पंख्यासमोर धरा.

सावधान: फवारणीचे कपडे या सगळ्यात मिसळायचे नाहीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. अंगावरचा कपडा विषाने भिजला की विष कातडीतूनही शरीरात जातं. त्या कपड्यांची बादली वेगळी, हातात रबरी मोजे आणि वाळवायची जागा घराबाहेरच्या आडोशाला. ओले राहिले तरी चालतील, पण झोपायच्या खोलीत आणायचे नाहीत.

## 4. धुणं: साबण कमी, पाणी जास्त

कपडे अर्ध्या तासाच्या वर भिजत ठेवू नका. रात्री भिजवून सकाळी धुणं उन्हाळ्यात खपतं. झडीत त्याच बादलीतून वास सुरू होतो.

पावडर नेहमीच्या पाऊणपट घ्या. कपड्यात राहिलेला साबण ओल धरून ठेवतो आणि जंतूंना खाद्यही पुरवतो. दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळा. दुसऱ्या पाण्यात बोटं एकमेकांवर घासून बुळबुळीत लागली तर तिसरं पाणी घ्या. गढूळ नदी-नाल्याच्या पाण्याने शेवटचं खंगाळणं करू नका. पागोळीचं पाणी चालेल, पण पहिल्या सरीचं नको, त्यात कवेलूंवरची सगळी घाण येते.

## 5. पाणी काढणं (सगळा खेळ इथेच)

हाताने साधं पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या वजनाइतकंच पाणी उरतं. पाव किलोचा टॉवेल पिळूनही अर्धा किलो भरतो. हे पाव लिटर पाणी हवेने न्यायला एक दिवस लागतो, हाताने काढायला दोन मिनिटं.

मशीन असेल तर. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतो. हाताने कितीही जोर लावला तरी एवढं पाणी निघत नाही. कपडे टबच्या कडेने गोल बसवा, मधे खड्डा ठेवा, वर जाळीचं झाकण दाबा आणि पाच मिनिटं फिरवा. मग थांबवा, कपडे काढून झटका, पुन्हा वेगळ्या रीतीने बसवा आणि तीन मिनिटं फिरवा. दुसऱ्या फेरीलाही नळीतून पाणी येतं, ते पाहिलं की एका फेरीत का थांबू नये ते कळतं. टब धडधडत असेल तर भार एका बाजूला गेला आहे, बंद करून नीट करा.

स्वतःकडे मशीन नसेल आणि शेजारी असेल तर घरी धुतलेले कपडे फक्त ड्रायरला नेऊन आणा. दहा मिनिटांचं काम आहे, वीज नावालाच लागते आणि शेजाऱ्याचा साबण-पाणी काही खर्च होत नाही.

मशीन नसेल तर. कपडा लांबीत घडी करा, खांबाला किंवा नळाला मधोमध अडकवा, दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ द्या. पाणी थांबलं की सोडा, घडी बदला आणि पुन्हा पिळा. पहिल्या पिळात जो भाग आत राहतो त्याच्यातलं पाणी निघतच नाही, म्हणून घडी बदलणं महत्त्वाचं. चादर दोघांनी दोन टोकांना धरून उलट दिशेने पिळायची.

त्यानंतर कोरड्या कपड्यात गुंडाळणं. जुनं सुती लुगडं किंवा धोतर दुहेरी पसरा, त्यावर पिळलेला शर्ट सपाट ठेवा, दोन्हीची घट्ट वळकटी करा आणि वळकटीवर गुडघा देऊन टोकापासून टोकापर्यंत दाबत जा. वळकटी एक मिनिट तशीच ठेवून उघडा. जाड टॉवेलपेक्षा जुनं लुगडं बरं, कारण ते स्वतः तासा-दोन तासांत वाळतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला येतं. लोकर, इलॅस्टिक आणि टिकल्यांच्या कपड्यांना पीळ देऊ नका, त्यांना फक्त ही वळकटी.

तपासणी: ताणकाटा (वस्तू टांगून मोजायचा स्प्रिंगचा काटा) घरात असेल तर एकदा तरी मोजा. पाच किलो कोरडे कपडे ड्रायरनंतर आठ किलोच्या आत भरले पाहिजेत, नुसत्या हाताने पिळले तर नऊ-दहा. काटा नसेल तर कपडा दोरीवर टाकून पाच मिनिटं खाली बघा. एकही थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर उतरवा आणि पुन्हा पिळा.

## 6. टांगणं

टांगण्याआधी प्रत्येक कपडा दोन्ही हातांनी धरून चार-पाचदा जोरात झटका. चिकटलेले पदर सुटतात, सुरकुत्या जातात आणि इस्त्रीचं काम कमी होतं.

शर्ट, कुर्ता: हँगरला, सगळ्या गुंड्या उघड्या, कॉलर वर उभी. दोन हँगरमध्ये चार बोटं अंतर. हँगर कमी असतील तर बांबूची हातभर कांब मधोमध सुतळीने बांधली की हँगर झाला. जाडजूड कपड्याला दोन हँगर एकत्र लावा, म्हणजे पुढची आणि मागची बाजू एकमेकींना चिकटत नाही.

जीन्स: उलटी करा, खिसे बाहेर ओढा. दोरीवर मधोमध दुमडून टाकायची नाही. कमरेचा पुढचा भाग एका दोरीला आणि मागचा भाग दुसऱ्या दोरीला चिमट्याने लावा. तोंड उघडं राहतं, वारा पायांतून नळीसारखा खाली जातो. समांतर दोऱ्या यासाठीच. कंबर, खिसे आणि खालची दुमड सगळ्यात उशिरा वाळतात.

चादर, टॉवेल, साडी: एकच कपडा दोन्ही दोऱ्यांवरून टाका, म्हणजे मधे फूटभर पोकळी राहते आणि दोन्ही पदर हवेत राहतात. एका दोरीवर टाकला की दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि आतली बाजू ओली राहते. साडी चौपदरी केली की ती संपली. साडेपाच मीटरची साडी दुहेरी केल्यावर पावणेतीन मीटर होते, बारा फुटांच्या दोरीवर आरामात बसते. नऊवारीला जागा पुरत नसेल तर अर्धी वाळवून मग सरकवा.

मोजे, आतले कपडे: पंख्याच्या सगळ्यात जवळ. ओलसर चड्डी-बनियन घातल्याने जांघेत गजकर्ण होतं, आणि एकदा झालं की पावसाळाभर घरात फिरतं.

जाड आणि पातळ आलटून पालटून लावा. पाच जीन्स शेजारी-शेजारी टांगल्या तर मधल्या तीन दुसऱ्या दिवशीही ओल्याच निघतील.

अर्ध्या तासाने परत या. कपड्यातलं उरलेलं पाणी तोवर खालच्या काठाशी उतरलेलं असतं. बाह्यांची टोकं, जीन्सच्या दुमडी आणि चादरीचे कोपरे मुठीत धरून पिळा. दोन मिनिटांचं काम, पण जवळजवळ कोणीच करत नाही.

## 7. वारा

छताचा पंखा वरून मारतो, कपड्यांच्या वरच्या कडा वाळतात आणि खालचं तसंच राहतं. टेबल फॅन किंवा उभा पंखा बरा. तो कपड्यांच्या कडेने, उघड्या खिडकीच्या दिशेने लावा, म्हणजे वारा दोन कपड्यांच्या मधून निघून बाहेर जाईल. कपडा सतत हलत असला पाहिजे. हलत नसेल तर पंखा जवळ आणा.

बाहेर पाऊस असताना खिडकी उघडली तर ओल आत येईल ही भीती खोटी. पावसातली बाहेरची हवा थंड असते. ती घरात येऊन दोन-तीन अंशांनी गरम झाली की तिची पाणी पिण्याची ताकद वाढते. कपडे टांगलेल्या खोलीतली हवा तिच्यापेक्षा कितीतरी ओली असते. थेंब आत येणार नाहीत एवढंच बघा.

कूलर. उन्हाळा संपला की विदर्भात घरोघरी कूलर झाकून ठेवतात. तो झडीत काढा. टाकीतलं सगळं पाणी काढून टाकी पुसा, पंपाची वायर सोडवा, तिन्ही बाजूंचं खस किंवा गवत काढून फक्त जाळ्या परत लावा. आता तो मोठा कोरडा पंखा झाला. कपड्यांपासून चार-पाच फुटांवर ठेवा आणि समोरचं दार उघडं. छताच्या पंख्याला जे दिवसभर लागतं ते कूलर पाच-सहा तासांत करतो. भिजलेलं गवत तसंच ठेवून कूलर लावला तर तो कपड्यांवर ओलच फेकतो, ही चूक दर वर्षी होते.

सावधान: लोखंडी पत्र्याचा कूलर आणि ओले हात हे जीवघेणं जोडकाम आहे. तीन पिनचा प्लग आणि चालू अर्थिंग असल्याशिवाय लावू नका. कपडे टांगताना, काढताना प्लग बाहेर. कूलरच्या अंगावर कपडा कधीच टाकायचा नाही. खिडकीबाहेर बसवलेल्या कूलरवर पाऊस येत असेल तर तो वापरू नका.

विजेचा हिशेब: 75 वॅटचा पंखा दहा तास चालला तर पाऊण युनिट. हजार वॅटची इस्त्री तासभर चालली तर एक युनिट. म्हणून आधी पंखा, मग इस्त्री. लाईन गेली की दार-खिडक्या लावू नका, उघड्याच ठेवा. नुसत्या आरपार वाऱ्यानेही काम सुरू राहतं.

## 8. फिरवाफिरव

दर तीन-चार तासांनी कपडे उलटे करा, वरचं खाली, आतलं बाहेर. वाळलेले लगेच काढून घ्या. कोरडा कपडा ओल्यांच्या शेजारी राहिला तर तो ओल परत ओढतो आणि जागाही अडवतो. मधेच तासभर उघडीप मिळाली तर नवं धुणं काढू नका, जाड आणि अर्धवट वाळलेलं तेवढं अंगणात न्या.

## 9. ऊब, शेवटी आणि जपून

कपडा ऐंशी टक्के वाळल्यावरच इस्त्री. उलट्या बाजूने, कॉलर, कंबरपट्टा आणि खिशांच्या शिवणींवर दाबून फिरवा. इस्त्री झाल्यावर लगेच घडी नको, दहा मिनिटं पंख्याखाली टांगा, नाही तर वाफ घडीत अडकते. निथळत्या कपड्यावर इस्त्री ठेवली तर वीज वाया जाते, कपड्यावर डाग पडतात आणि शॉकचाही धोका.

चूल पेटलीच असेल तर तिच्या उबेचा फायदा घ्या, पण कपडा तीन फुटांहून जवळ नको आणि चुलीच्या थेट वर तर कधीच नको. चिमटा सुटला की कपडा आगीत. पऱ्हाटीची (कापसाच्या वाळक्या झाडांची) ठिणगी लांब उडते. धुराचा वास आणि काजळी तर असतेच.

गॅसची शेगडी पेटवून खोली गरम करणं हा उलटा उद्योग आहे. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत येतं.

सावधान: कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून रात्री झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

## 10. वाळलं की नाही

पावसाळ्यात हाताला सगळंच दमट लागतं, म्हणून नुसता हात फिरवून ठरवू नका. पंखा बंद करून दहा मिनिटं थांबा. मग शिवण, कंबरपट्टा किंवा काख गालाला लावा आणि लगेच कपाटातला कोरडा कपडा लावून बघा. ओला भाग जास्त थंड लागतो. फरक जाणवला तर अजून दोन तास.

कपाटात गच्च भरू नका आणि भिंतीला टेकलेल्या कप्प्यात खाली वर्तमानपत्र घाला. एक ओलसर मोजा पूर्ण कप्प्याला वास लावतो.

## वास आलाच तर

अत्तर, पावडर, डांबरगोळी यांनी वास झाकला जातो, जात नाही. हा वास बहुतेकदा मोराक्सेला नावाच्या जिवाणूचा असतो. तो कपडा वाळल्यावरही धाग्यात जिवंत राहतो, म्हणून पुढच्या वेळी ओला होताच वास परत येतो. पांढरे सुती कपडे, टॉवेल आणि लंगोट पाण्यात दहा मिनिटं उकळा. रंगीत सुती कपडे रंग टिकेल एवढ्याच गरम पाण्यात, बादलीमागे दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून, अर्धा तास ठेवा, मग नेहमीसारखे धुवा. रेशीम-लोकरीला हे करू नका. काळे बुरशीचे ठिपके पडले असतील तर ते सहसा जात नाहीत, तो कपडा फडक्याला काढा.

## थंडीत

हिवाळ्याचा प्रश्न वेगळा आणि सोपा. हवा कोरडी असते, पण दिवस लहान आणि रात्री दव. सकाळी दहाच्या आत धुऊन घाला आणि साडेचारला सगळं आत घ्या, वाळलं असो वा नसो. उरलेलं दोरीवर घरात टांगा, खिडकी बोटभर उघडी ठेवा, पहाटेपर्यंत वाळतं. स्वेटर टांगू नका, ओल्या वजनाने तो लांबतो. वळकटीत पाणी काढून बाजेवर सपाट पसरा, दुपारी उलटा करा.

घरात वेचलेला कापूस ठेवला असेल तर त्या खोलीत एकही ओला कपडा नको आणि चूल-शेगडी तर मुळीच नको. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 12 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाहीत, आणि 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात.